गिर्दावरांनी मोजलेली सूर्याची हद्द

इचोड्याला, पैनगंगेच्या दक्षिणेला तेलुगू मुलखात, मी ज्यांच्या घरी तीन वर्षं भाड्यानं राहिले त्यांना सगळं गाव गिर्दावर म्हणायचं, आणि ते गिर्दावर कधीच नव्हते. मोजणी खात्यात सर्व्हेयर म्हणून लागले आणि सर्व्हेयर म्हणूनच निवृत्त झाले. गिर्दावर म्हणजे त्यांच्या वरचा अंमलदार. निजाम गेला, पण महसुलाच्या कचेरीतलं हे नाव आमच्याकडे राहिलं. नोकरीभर हे त्या खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येकाशी इतकं भांडले, की शेवटी लोकांनीच तो हुद्दा यांना देऊन टाकला.

सरकारी दवाखान्यात औषधं देण्याच्या कामावर माझी बदली झाली होती. खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही. पलंग किती लांब आहे ते विचारलं. मला सांगता येईना. मग आपल्या पंजाची वीत हवेत टाकत त्यांनी माझ्या उंचीचा अंदाज घेतला आणि म्हणाले, "आठ वितीचा पलंग आना. नऊ वितीचा आनला तर कपाटाचं दार उघडनार नाई." मी नऊ वितीचा आणला. पुढची तीन वर्षं मी कपाटातून कपडे आडव्या हातानं काढले.

टेपवर त्यांचा विश्वास नव्हता. टेप म्हणजे शिंप्याचं काम, असं ते म्हणत, आणि हे म्हणताना काकूंकडे, म्हणजे आपल्या बायकोकडे, बघत, कारण काकू घरी ब्लाउज शिवायच्या. त्यांची मोजमापं तीनच. छोट्या कामाला वीत, मधल्या कामाला पाऊल आणि मोठ्या कामाला जरीब. जरीब म्हणजे मोजणीची लोखंडी साखळी, वीस मीटरची, शंभर कड्यांची. खात्याची जरीब गंजून गेली तेव्हा त्यांनी स्वतःची विकत घेतली होती आणि नोकरीची शेवटची पंधराएक वर्षं तीच वापरली. निवृत्तीनंतर ती बैठकीत खुंटीवर टांगलेली असे. दर दसऱ्याला तिची पूजा व्हायची आणि तिला तेल पाजलं जायचं. रस्त्यानं चालताना ते पावलं मोजत. कुणी नमस्कार केला तर हात वर करायचे, पण बोलायचे नाहीत. मोजणी संपली की मागे वळून, वीस-तीस पावलांवरून, "काय म्हनत होते?" असं ओरडून विचारायचे. तोवर माणूस निघून गेलेला असायचा.

एका संध्याकाळी मी दवाखान्यातून आले तर ते जिन्यात बसलेले, वर्तमानपत्र मांडीवर. मला वर जाऊ देईनात.

"बाई, सूर्याले हद्द हाय, हे तुमाले ठाऊक होतं काय?"

मी नाही म्हटलं.

"मलेबी नव्हतं. चाळीस वर्सं हद्दी मोजल्या. ज्याच्या उजेडात मोजल्या, त्याचीच हद्द कोनी सांगितली नाई."

बातमी अशी होती की चाळीसेक वर्षांपूर्वी पाठवलेल्या दोन यानांपैकी पहिलं काही वर्षांमागे सूर्याच्या हद्दीबाहेर पडलं होतं, आणि आता दुसरंही पडलं. पुढचे दोन महिने गिर्दावरांनी तेवढ्या एका विषयाचा अभ्यास केला. मोबाईलवर वाचत, तेलुगूतलं भाच्याकडून समजून घेत, इंग्रजीतलं माझ्याकडून. मला जे समजायचं नाही ते ते मलाच समजावून सांगत. सूर्य नुसता उजेड देत नाही, वाराही सोडतो. हा वारा हवेचा नाही, विजेनं भारलेल्या बारीक कणांचा. सगळ्या दिशांना, सेकंदाला चारशे किलोमीटरच्या आसपास वेगानं. इचोड्याहून निघाला तर डोळा मिटायच्या आत हैद्राबाद मागे पडतं. चार दिवसांत तो पृथ्वीपाशी येतो आणि तसाच पुढे जातो, सगळे ग्रह ओलांडून. पुढे पुढे पातळ होतो, दमतो. बाहेर ताऱ्यांच्या मधल्या जागेतही असाच काहीतरी विरळ माल भरलेला आहे, तो उलट रेटत असतो. जिथं आतला जोर आणि बाहेरचा जोर सारखा होतो तिथं सूर्याची हद्द.

हे त्यांनी काकूंना परातीत दाखवलं. आमच्या गल्लीत नळ एक दिवसाआड तासभर यायचा. त्यांनी नळाखाली पितळी परात पालथी घातली आणि धार सोडली. धार पडते तिथून पाणी पातळ होऊन जोरात पसरतं, आणि थोड्या अंतरावर एक गोल कडं दिसतं, जिथं ते एकदम जाड आणि संथ होतं. "हे पाह्यलं का? वारा असाच एका ठिकानी एकदम मंद होते," ते सांगत होते, "आन् त्याच्याबी पुढं हद्द." काकूंच्या दोन्ही टाक्या रिकाम्या होत्या. धार जाड केली की कडं मोठं होतं, बारीक केली की लहान, हे त्यांनी सतरा वेळा करून दाखवलं. अठराव्या वेळी नळ गेला.  काकूंनी परात उचलली, पुसली आणि तिच्यात कणीक मळायला घेतली. आम्ही दोन दिवस हापशावरून पाणी आणलं.

त्या शास्त्रज्ञांवर त्यांचा एक आक्षेप मात्र होता. हद्द कायम करायची तर दोन्हीकडचे लोक हजर पाहिजेत, पंचनामा पाहिजे, सह्या पाहिजेत. यान एकटंच गेलं आणि एकटंच म्हणालं की मी बाहेर आलो. यावर माझ्याशी बरेच दिवस वाद चालला. मी वाचून सांगितलं की यानावरचं यंत्र कण मोजतं; सूर्याकडचे कण एकदम कमी झाले आणि बाहेरचे एकदम वाढले, म्हणून कळलं.  दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "तुमी भीमपूरच्या, नदीकाठच्या. सांगा, मराठी कुठं संपते?"

"पैनगंगेवर," मी म्हटलं.

"नदीवर महाराष्ट्र संपते. मराठी कुठं संपते?"

मी विचार केला. बसनं येताना एका थांब्यावर मराठी ऐकू येते, पुढच्या थांब्यावर थोडी कमी, मग एका ठिकाणी बसमधलं सगळं बोलणं तेलुगू झालेलं असतं. पाटी कुठंच नसते.

"बस," ते म्हणाले. "यंत्र बराबर हाय." आणि शास्त्रज्ञांवरचा आक्षेप त्यांनी मागे घेतला.

हे वेड त्यांना का लागलं, ते मला उशिरा कळलं. काकूंनी सांगितलं. मोजणीदाराचा दगड रोवला की एक घर तुटतं. दोघा शेजाऱ्यांपैकी ज्याची जमीन कमी भरली तो मोजणीदाराला शिव्या देतो, आणि ज्याची जास्त भरली तो आणखी जास्त हवी होती म्हणून देतो. चाळीस वर्षांत आसपासच्या गावांत मिळून यांच्याशी न बोलणारी माणसं इतकी झाली की मुलीच्या लग्नात पाचशे पानांचा स्वयंपाक केला आणि दीडशे माणूस जेवलं. काकू आठ दिवस बुंदी वाटत होत्या. मी गिर्दावरांना हे विचारलं तेव्हा ते म्हणाले, "म्हनून तर सूर्य बरा. त्याले शेजारी नाई. तक्रार कोन करंल?"

असं म्हणून त्यांनी सूर्याची मोजणी करायला घेतली.

योजना साधी होती. आपलं घर म्हणजे सूर्य. पृथ्वीचं सूर्यापासूनचं अंतर म्हणजे पाच जरिबा, शंभर मीटर. या हिशोबानं बाकीचं सगळं मोजायचं आणि जागच्या जागी दगड रोवायचा. त्या मापानं सूर्य एका मीटरला थोडा कमी भरत होता. पंक्चरच्या दुकानातून त्यांनी ट्रकचा जुना टायर आणला, पिवळा रंगवला आणि फाटकावर टांगला. घर हायवेला लागून. दुसऱ्या दिवसापासून ट्रकवाले थांबून पंक्चर निघतं का विचारायला लागले. पहिले चार दिवस काकू नाही म्हणाल्या. पाचव्या दिवशी त्यांनी टायरखाली पाटी लावली: येथे फक्त ब्लाउज शिवून मिळतील.

पृथ्वी सोयाबीनच्या दाण्याएवढी भरली. शंभर मीटरवर, किराणा दुकानापुढं, त्यांनी एक दगड रोवून त्यावर खळगा केला आणि सोयाबीनचा दाणा ठेवला. दुकानदाराच्या कोंबड्या होत्या. पृथ्वी आठवड्यातून तीनदा जायची. गिर्दावर रोज सकाळी खिशात दाणे घेऊन निघायचे. गुरू आणि शनी म्हणून दोन कवठं ठेवली, त्यांना कुणी हात लावला नाही. त्यापुढचे दोन ग्रह लिंबाएवढे होते, म्हणून लिंबं ठेवली. एक जवळजवळ दोन किलोमीटरवर, एक तीनवर. हायवेच्या कडेला, पिवळ्या दगडावर, एक एक लिंबू. मी त्यांना म्हटलं की लोकांना हे वेगळंच काहीतरी वाटेल. ते म्हणाले, ग्रहाला वाटेल ते ठेवायचं नसतं, मापाचं ठेवायचं असतं. आठवडाभरात मोटारसायकलवाले त्या दोन दगडांपाशी आले की पलीकडच्या कडेनं जायला लागले. भानामतीच्या भीतीनं एका बाईनं तर शेताची वाट बदलली.

जरिबीला दोन माणसं लागतात. दुसरं माणूस मी. रविवारी सकाळी सहाला आम्ही निघायचो. ते पुढं, मी मागं, मधे वीस मीटर लोखंड. मी टोक धरून उभी राहायचे, ते साखळी ताणून सळई रोवायचे आणि "हां" म्हणायचे. मग मी त्या सळईपाशी जायचे, ते पुढं. असं सहाशेच्या वर वेळा. नेरडीगोंड्याच्या दिशेला, बाजूनं ट्रक जाताहेत, धूळ अंगावर. माझ्या दवाखान्यातले पेशंट बसच्या खिडकीतून मला बघायचे आणि सोमवारी गोळ्या घेताना काळजीनं विचारायचे, मॅडम, नोकरी गेली काय?

तीन किलोमीटरला ग्रह संपले. मला वाटलं सुटले. पण पुढे नऊ किलोमीटरपर्यंत काही नाही, तिथं जिथं वारा मंद होतो तो दगड, आणि मग बाराच्या आसपास हद्द. दोन यानं दोन दिशांनी गेली होती आणि हद्द त्यांना थोड्या वेगळ्या अंतरावर लागली होती, म्हणून हद्दीचे दगड दोन. 'हद्द १' आणि 'हद्द २'. दोन दगडांच्या मधे सुमारे तीनशे मीटर जागा होती आणि तिच्यात एक ढाबा होता.

ग्रहांच्या दगडांवर त्यांनी नावाचं पहिलं अक्षर लिहिलं होतं. आता हा सगळा प्रकार रस्त्यावरच्या लोकांच्या बाजूनं बघा. मोजणी खात्यातला माणूस, जो निवृत्त झालाय हे निम्म्यांना माहीत नाही. त्याच्या हातात जरीब. मागं सरकारी दवाखान्यातली बाई. हायवेच्या कडेनं पिवळे दगड. पहिल्यावर 'बु', शेवटच्या ग्रहावर 'ने', आणि पुढे सरळ 'हद्द'. रस्ता रुंद होणार आणि जमिनी जाणार, ही बातमी महिनाभरात नेरडीगोंड्यापर्यंत पोचली. 'बु' म्हणजे बुलडोझर, यावर एकमत होतं. 'ने' म्हणजे नेणार. लिंबांचा अर्थ कुणालाच लागला नाही, पण त्यानं भीती वाढली.

अर्ज गेला. त्रेसष्ट सह्यांचा.

तहसीलच्या शिपायानं नोटीस आणून दिली तेव्हा गिर्दावर जेवत होते. त्यांनी ती दोनदा वाचली आणि ताट बाजूला सारलं. "सूर्याच्याबी हद्दीवर तक्रार झाली," ते म्हणाले. मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी पाणी प्याले. काकूंनी ताट पुन्हा त्यांच्यापुढं सरकवलं.

सुनावणीला मला साक्षीदार म्हणून जावं लागलं. रजेच्या अर्जात कारण काय लिहायचं हे मला सुचेना, शेवटी घरगुती लिहिलं. कचेरीच्या आवारात माणसं गोळा झाली होती. तहसीलदार तरुण बाई होत्या, नव्यानं आलेल्या. त्यांना मराठी येत नव्हती. त्या तेलुगूत आणि हिंदीत बोलत. गिर्दावरांनी लेखी जबाब आणला होता. त्यात लिहिलं होतं की सदर दगड सूर्याचे असून त्यांचा सरकारशी काही संबंध नाही. कारकुनानं तो वाचून दाखवला, मग पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचला आणि बाईंकडे दिला.

ढाबेवाल्यानं विचारलं की सूर्याचे दगड असतील तर त्याचा ढाबा दोन दगडांच्या मधे काऊन धरला. गिर्दावर त्याला वारा, जोर आणि रेटा समजावून सांगायला लागले. सांगता सांगता ते रंगले. त्यांनी टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला, तेवढ्यात कारकुनानं फायली बाजूला घेतल्या. लोक ऐकत होते. मला वाटलं, आता पटेल. तेवढ्यात मागून एक म्हातारा पुढं आला. अर्जावर पहिली सही त्याचीच होती. रस्त्याकडेच्या एका गावात टमाटर, वांगी पिकवायचा. सगळे त्याला तात्या म्हणत.

"ह्याईच्या सूर्याचं मले काई माहीत नाई," तात्या म्हणाले. "पन ह्याच मानसानं, ह्याच जरिबीनं माझं अडीच हात वावर खाल्लं. बारा वर्सं झाली. आता सूर्याचं खाऊन राह्यला."

गिर्दावर ताठ झाले. मोजणी बरोबर होती, नकाशा आहे, सही आहे, म्हणाले. तात्या म्हणाले, सही माझी नाही, शेजाऱ्याची आहे. दोघंही एकमेकांकडे न बघता तहसीलदारबाईंकडे बघून बोलत होते. बारा वर्षांत दोघं एका छताखाली पहिल्यांदाच आले होते, असं मला नंतर कळलं.

बाईंनी दोघांना बसवलं. त्या आदल्या दिवशी स्वतः जाऊन दगड बघून आल्या होत्या. सूर्य, वारा, यान यांतलं त्यांना सगळं माहीत असावं, कारण त्यांनी त्यावर एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी जबाबातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. 'हद्द २' हा दगड घराच्या फाटकापासून अकरा किलोमीटर नऊशे मीटरवर, असं लिहिलं होतं. फाटकासमोरच हायवेचा किलोमीटरचा दगड आहे. तिथून मोजत गेलं तर बारावा किलोमीटर आधी येतो आणि यांचा दगड त्याच्याही तीस पावलं पुढं. गाडीच्या काट्यावरही तेच.

"सूरज आपका सही होगा, अंकल," त्या शांतपणे म्हणाल्या. "मगर जरीब ग़लत है."

मग त्यांनी लोकांना सांगितलं की कुणाचीही जमीन जात नाही, आणि गिर्दावरांना आठ दिवसांत दगड काढायचा हुकूम दिला. लोक पांगले. ढाबेवाल्यानं जाता जाता मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, दगड काढल्यावर त्याचा ढाबा आत राहणार की बाहेर. मी म्हटलं, बघून सांगते.

परतीच्या वाटेवर माझ्या स्कूटीमागं बसून गिर्दावर हायवेच्या दगडांना नावं ठेवत होते. ठेकेदारानं चुकीचे रोवले. गाडीचा काटा काय, टायर झिजला की चुकतो. घरी आल्यावर त्यांनी रस्त्याच्या खात्याला पत्र लिहायला कागद घेतला. काकू शिवणावरून उठल्या, खुंटीवरची जरीब काढली आणि ओसरीवर लांब पसरली. मग गळ्यातला टेप काढून एका टोकापासून मोजायला बसल्या. ओसरी संपली तेव्हा जरीब अंगणात गेली, काकू तिच्यामागं गुडघ्यावर सरकत अंगणात गेल्या.

"कापडी हाय तो," गिर्दावर आतून म्हणाले. "ताणते."

काकूंनी मला हार्डवेअरच्या दुकानात पाठवलं. मी लोखंडी टेप आणला. आम्ही दोघींनी पुन्हा मोजलं. ते लिहिणं थांबवून दारात येऊन उभे राहिले. मोजून झालं तेव्हा त्यांनी टेप माझ्या हातातून घेतला आणि स्वतः मोजलं, एकदा या टोकाकडून, एकदा त्या टोकाकडून. वीस मीटरची खूण साखळीच्या टोकाच्या अलीकडेच येत होती. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी पंजा ठेवला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, बरोबर एक वीत.

शंभर कड्या. प्रत्येक कडीचा जोड वर्षानुवर्षं वावरांतून ओढला जाऊन केसाकेसानं झिजला होता. आणि दर दसऱ्याला तेल पाजलं जात असल्यामुळं कधी कुरकुरलाही नव्हता.

मला वाटलं, ते आता म्हणतील की लोखंड उन्हानं वाढतं. पण ते ओसरीच्या पायरीवर बसले आणि बोटांवर हिशोब करायला लागले. बराच वेळ. ओठ हलत होते. मी समजले की ते सूर्याची हद्द दुरुस्त करताहेत, सहाशे जरिबा, सहाशे विती. काकू म्हणाल्या, चहा टाकू का. ते बोटं मोजतच राहिले.

"तात्याच्या शेजाऱ्याचं वावर पाच जरिबा धरलं होतं मी," ते शेवटी म्हणाले. "पाच जरिबा, पाच विती. दोन वितीचा एक हात."

 हिशोब सोपा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि मला म्हणाले, स्कूटी काढा. नवा लोखंडी टेप खिशात होता. तात्यांच्या गावाला निघालो. वाटेत त्यांना पावलं मोजता येत नव्हती, स्कूटीवर होते. तात्या मळ्यातच होते, टमाटर खोक्यांत भरत. आम्हाला बघून ते उठले नाहीत.

गिर्दावर बांधावर उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला आणि मोजणी अहवाल वाचावा तसं सांगितलं की माझी जरीब एका वितीनं लांब निघाली, तुमच्या शेजाऱ्याला पाच जरिबा मोजून दिल्या होत्या, सबब तुमच्या हद्दीत चूक झाली. आता टेप आणलाय, फेरमोजणी करून देतो. फक्त एक गोष्ट होती. जरीब आज एका वितीनं लांब आहे, बारा वर्षांपूर्वी एवढी झिजली नसणार. तेव्हा अडीच हात नाही, दोन हात धरावे.

"अडीच," तात्या म्हणाले.

"सवादोन," गिर्दावर म्हणाले.

तात्यांनी हातातला टमाटर खोक्यात ठेवला. हात धोतराला पुसले. मग म्हणाले की ते वावर त्यांनी सहा वर्षांखालीच विकलं. त्याच शेजाऱ्याला. आता तिथं बांधच नाही, सगळं एकच शेत झालंय, सोयाबीन पेरलंय.

गिर्दावरांनी टेप खिशातून काढला होता, तो तसाच हातात राहिला. "मंग काल कचेरीत तक्रार कायले केली?"

"वावर इकलं," तात्या म्हणाले. "तुमच्यावरचा राग नव्हता इकला. आता तुमी त्योबी घेऊन चालले. माझ्यापाशी काय राह्यलं सांगा."

हे म्हणताना ते हसत नव्हते. गिर्दावरही नाही. दोघं म्हातारे बांधावर बसले. मी जरा लांब, खोक्यांपाशी. तात्यांनी विड्या काढल्या. थोड्या वेळानं त्यांनी सूर्याच्या वाऱ्याचं विचारलं. कचेरीत मागं उभं असल्यानं नीट ऐकू आलं नव्हतं, म्हणाले. गिर्दावर सांगायला लागले, पण नेहमीसारखे रंगले नाहीत. हळूहळू सांगत होते, मधेच थांबून तात्यांना कळलं का ते बघत होते. तात्यांनी एकच विचारलं. हद्दीच्या पलीकडं गेलेली ती दोन यानं परत येतात काय? गिर्दावर म्हणाले, नाही येत. तात्या म्हणाले, मग ती तिकडून खबर देत राहिली हेच पुष्कळ झालं.

निघताना त्यांनी एक खोकं टमाटर स्कूटीवर बांधून दिलं. ते नीट बसेना म्हणून गिर्दावरांनी मांडीवर घेतलं. वाटेत ढाब्यापाशी थांबून मी ढाबेवाल्याला सांगितलं की विती वजा केल्यावर दोन्ही दगड अलीकडं सरकले असते, पण ढाबा तरीही मधेच राहिला असता. त्याला बरं वाटलेलं दिसलं.

घरी पोचलो तेव्हा काकू फाटकाशीच उभ्या होत्या. त्यांनी आधी टमाटर बघितले, मग माझ्याकडे, मग त्यांच्याकडे. काय झालं, असं त्यांनी विचारलं नाही. गिर्दावर खोकं घेऊन तसेच उभे राहिले.

"चूक माझी होती," ते म्हणाले.

काकूंनी हातातली सुई ब्लाउजच्या कापडात खोचली. "काय म्हनले? गाडीच्या आवाजात ऐकू नाई आलं."

मी स्कूटी केव्हाच बंद केली होती. रस्त्यावर त्या वेळी एकही ट्रक नव्हता. गिर्दावरांना हे माझ्याइतकंच दिसत होतं. त्यांनी खोकं खाली ठेवलं, कंबर सरळ केली, आणि किराणा दुकानदारही बाहेर येऊन बघायला लागला एवढ्या मोठ्या आवाजात पुन्हा म्हणाले.

काकू म्हणाल्या, "बरं," आणि टमाटर घेऊन आत गेल्या.